काणीवर फवारा नाही : बेट उपटा, बेणे बदला



उन्हाचा तडाखा वाढला, की गट ऑफिसात एक प्रश्न हमखास येतो. "साहेब, उसातून काळे पट्टे निघाल्यात, कोणता फवारा घेऊ?" हा काळा पट्टा म्हणजे काणी. तिला एकदा चाबूक फुटला, की तो ऊस बरा करणारा कोणताही फवारा नाही. हे सांगितले की सभासद नाराज होतात. साहेबाला माहीत नसेल, असे म्हणून दुकानात जातात. तिथे काही तरी बाटली मिळतेच. पैसे जातात, काणी राहते, आणि पुढच्या महिन्यात ती बांध ओलांडून शेजाऱ्याच्या रानात जाते. म्हणून हा विषय जरा सविस्तर मांडत आहे.

रोग कसा ओळखावा

काणी हा बुरशीजन्य रोग आहे. रोगट बेटाला बारीक, काडीसारखे फुटवे जास्त येतात. पाने अरुंद होऊन सरळ उभी राहतात, कांड्या लांबट पण बारीक पडतात. पुढे पोंग्यातून चाबकासारखा लांब पट्टा बाहेर पडतो. सुरुवातीला त्याच्यावर चंदेरी पातळ पापुद्रा असतो. तो फाटला, की आतली काजळीसारखी काळी भुकटी वाऱ्यावर उडते. ही भुकटी म्हणजेच बुरशीचे बीजाणू, आणि ते एका चाबकात कोट्यवधी असतात.

गवताळ वाढ हा रोग वेगळा. त्यात फुटवे पांढरट-पिवळे दिसतात, पण चाबूक निघत नाही.

रोग येतो कुठून

मुख्य वाट बेण्याची. उडालेले बीजाणू उभ्या उसाच्या डोळ्यावर बसतात आणि आत शिरून गप्प राहतात. असा ऊस बाहेरून निरोगी दिसतो. त्याचेच बेणे आपण तोडतो, आणि नव्या लागणीत चाबूक निघतो. दुसरी वाट वाऱ्याची आणि तिसरी खोडव्याची. लागणीत चार बेटे रोगट असली, तर खोडव्यात त्यांची संख्या वाढते, निडव्यात आणखी वाढते. पाण्याचा ताण आणि कोरडी, गरम हवा हे काणीला पोषक आहे.

जुन्या सभासदांना को ७४० आठवत असेल. १९७०-८० च्या काळात आपल्याकडे या वाणाचे राज्य होते. साखर चांगली, खोडवा चांगला, पण काणीला बळी पडणारा. १९९६ साली पाडेगाव संशोधन केंद्राने को ८६०३२ हा वाण 'नीरा' नावाने दिला आणि काणीचा त्रास बराच कमी झाला. पण त्यामुळे आपण निर्धास्त झालो. तेच बेणे वर्षानुवर्षे एका रानातून दुसऱ्या रानात फिरते आहे. वाण प्रतिकारक असला, तरी ती ताकद कायमची नसते.

याचा दाखला बाहेरही आहे. उत्तर प्रदेशात २००९ साली आलेल्या को ०२३८ या वाणाने शेतकऱ्यांना आणि कारखान्यांना मोठा लाभ दिला. बहुतेक रान त्या एकाच वाणाखाली गेले. पुढे त्यावर लाल कूज ही दुसरी बुरशी पसरली आणि उभे ऊस वाळले. रोग वेगळा, पण धडा तोच.

उष्णता आणि औषध : कोणाचे काम कोणते

डोळ्याच्या आत लपलेली बुरशी मारायला उष्णता लागते. उष्ण पाण्याच्या प्रक्रियेत बेणे ५० अंश सेल्सिअसला २ तास ठेवतात. बाष्पयुक्त उष्ण हवेच्या यंत्रात ५४ अंशाला अडीच तास ठेवतात. अंश कमी पडले तर बुरशी जगते, वाढले तर डोळा मरतो. म्हणून घरच्या कढईत हा प्रयोग करू नये. प्रक्रियेनंतर उगवण थोडी कमी होते. "बेणं भाजून दिलं" अशी तक्रार त्यामुळेच येते. अशा वेळी टिपरी थोडी जास्त धरावी.

उष्णतेनंतर कार्बेन्डाझिम १०० ग्रॅम १०० लिटर पाण्यात मिसळून टिपरी १० ते १५ मिनिटे बुडवावी. हातात रबरी मोजे घालावेत. या औषधाने टिपरीवरचे बीजाणू आणि टिपरी कुजवणारा अननस रोग आटोक्यात येतो. मात्र नुसत्या बुडवण्याने आतली काणी पूर्ण जाईल, असे समजू नये.

ट्रायकोडर्माविषयीही विचारणा होते. ही मित्रबुरशी जमिनीतल्या मर आणि कुजीच्या रोगांना चांगली. शेणखतात मिसळून वापरावी, पण कार्बेन्डाझिमसोबत एकत्र करू नये. ते औषध मित्रबुरशीलाही मारते. चाबूक निघालेल्या बेटाला तिचा उपयोग नाही.

चाबूक दिसल्यावर काय करावे

१. सकाळी वारा पडलेला असताना रानात जावे. चाबकावर पिशवी किंवा ओले गोणपाट अलगद घालावे आणि मगच तो कापावा. आधी कापून मग पिशवी शोधू नये.

२. नुसता चाबूक काढून थांबू नये. पूर्ण बेट कुदळीने मुळासकट काढावे.

३. पिशवीसह सर्व जाळावे किंवा खोल पुरावे. बांधावर, पाटात टाकू नये.

४. दर पंधरा दिवसांनी पुन्हा फेरी मारावी. एका फेरीत काम होत नाही.

५. शंभरात दहापेक्षा जास्त बेटे रोगट असतील, तर खोडवा ठेवू नये. त्या रानात हरभरा, सोयाबीन किंवा ताग घेऊन मगच ऊस लावावा.

६. रोगट प्लॉटचे बेणे स्वतःला नको आणि पाहुण्यालाही नको.

पाचवा मुद्दा जड जातो, याची जाणीव आहे. खोडव्याला लागणीचा खर्च नसतो. सोसायटीचे कर्ज डोक्यावर असताना फुटलेला खोडवा मोडायला हात धजत नाही. पण रोगट खोडव्यात गाळपालायक ऊस कमी आणि काड्या जास्त मिळतात, आणि वर्षभर त्याची भुकटी शेजारच्या नव्या लागणीवर पडत राहते. त्या शेजाऱ्याने महागाचे बेणे आणून लावलेले असते. कारखाना आपणा सर्वांचा, तसा हा रोगही एकट्याचा राहत नाही.

बेणे मळा

उष्णता दिलेल्या बेण्यापासून मूलभूत, त्यापासून पायाभूत आणि त्यापासून प्रमाणित, अशा तीन पायऱ्यांनी बेणे वाढवतात. एका एकराच्या मळ्यातून साधारण आठ-दहा एकर लागण होते. म्हणजे प्रत्येक सभासदाने एकदम सगळे बेणे विकत घ्यायची गरज नाही. चार-पाच गुंठ्यांचा स्वतःचा मळा केला, तरी पुढच्या वर्षी एकरभराची सोय होते. बेणे ९ ते ११ महिन्यांचे असावे, खोडव्याचे नसावे, आणि तीन-चार वर्षांनी मूळ बेणे बदलावे.

या आठवड्यात प्रत्येकाने आपल्या खोडव्यातून एकदा सरीसरीने फिरून यावे. चाबूक दिसल्यास गट नंबरसह आपल्या गट ऑफिसला कळवावे. आमचा माणूस प्लॉटवर येईल, बेटे मोजेल आणि खोडवा ठेवायचा की मोडायचा, हे आपल्याशी बसून ठरवेल.

— ऊस विकास अधिकारी