फेरजुळणीनंतर एंजिन बेफाम का धावते?

अहिल्यानगर (पूर्वीचे अहमदनगर) जिल्ह्याच्या पारनेर तालुक्यातील सुपा हे गाव पुणे-नगर हमरस्त्यावर वसलेले आहे. हा सारा भाग सह्याद्रीच्या पर्जन्यछायेत येत असल्यामुळे येथील पाऊस थोडा आणि बेभरवशाचा असतो. खरिपात बाजरी, मूग व वाटाणा, आणि रब्बीत ज्वारी व कांदा ही पिके घेणाऱ्या येथील शेतकऱ्यास विहिरीच्या पाण्याचे मोल नव्याने सांगावयास नको. विजेचे व सौरशक्तीवर चालणारे पंप आता सर्वत्र दिसू लागले असले, तरी वीज नसण्याच्या वेळी, शेततळ्यावर, वीजजोड न पोहोचलेल्या विहिरीवर अथवा मळणीयंत्रावर डिझेल एंजिन अजूनही उपयोगी पडते. यांपैकी पुष्कळशी एंजिने जुनी असून मधूनमधून ती पूर्णपणे उतरवून पुन्हा बांधावी लागतात.

अशी दुरुस्ती बहुधा पिकाला पाण्याची निकड लागलेली असतानाच निघते आणि घाईत उरकली जाते. रिंगा व बेअरिंगे बदलली जातात, व्हॉल्व्ह घासून बसविले जातात, इंधन पंप खोलून साफ केला जातो. सर्व भाग जागच्या जागी लागले असे समजून हँडल मारले जाते. एंजिन चटकन सुरू होते. परंतु नेहमीच्या गतीला येऊन स्थिर होण्याऐवजी त्याचे ठोके क्षणाक्षणाला वाढतच जातात. धुराड्यातून दाट धूर निघू लागतो, पाया हादरतो, आणि भोवतालची माणसे गोंधळून जातात. कोणी टाकीची चावी बंद करावयास धावतो, तर कोणी पट्टा पाडण्याचा प्रयत्न करतो. पहिल्या उपायास उशीर लागतो. दुसऱ्याने संकट वाढते. असा प्रसंग टाळता येतो, आणि त्यासाठी लागणारी काळजी एंजिन सुरू करण्यापूर्वीच घ्यावयाची असते.

एंजिनाचा लगाम

रुडॉल्फ डिझेल या जर्मन अभियंत्याचे एंजिन १८९७ साली यशस्वी ठरले. आपल्याकडे १९४६ साली पुण्यास किर्लोस्कर ऑईल एंजिन्स ही कंपनी स्थापन झाली, आणि पुढे तेल-एंजिन खेडोपाडीच्या विहिरींवर जाऊन बसले. या एंजिनाचा एक गुणधर्म प्रत्येक मालकाने ध्यानात ठेवावा. पेट्रोल एंजिनात आत जाणाऱ्या हवेवर पडदा असतो. डिझेल एंजिनात तसा पडदा सहसा नसतो. हवा मोकळेपणी आत येते आणि इंधन किती मिळते यावरच वेग ठरतो. भार नसताना भरपूर इंधन मिळाले, तर एंजिन धावतच सुटते.

म्हणून त्यास गव्हर्नर म्हणजे गतिनियामक जोडलेला असतो. जेम्स वॅट याने १७८८ साली वाफेच्या एंजिनास फिरत्या वजनांचा गव्हर्नर जोडला; आपल्या विहिरीवरील एंजिनात तेच तत्त्व वापरलेले आहे. वेग वाढला की गव्हर्नरची वजने बाहेर फेकली जातात आणि स्प्रिंगचा ताण मोडून इंधन पंपाची दातेरी पट्टी, जिला मिस्त्री रॅक म्हणतात, ती कमी इंधनाकडे सरकवितात. वेग घटला की स्प्रिंग रॅकला पुन्हा जास्त इंधनाकडे ओढते. वजने, स्प्रिंग, दांडा व रॅक ही साखळी अखंड असेल तोवरच एंजिन ताब्यात राहते. फेरजुळणीत नेमकी हीच साखळी सुटी होते, आणि ती पुन्हा जोडताना झालेली लहानशी चूक सर्व खर्च व श्रम वाया घालविते.

वाढलेल्या वेगाचा धोका

चाकाच्या कडेवर बाहेरच्या बाजूस पडणारा ताण वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. मिनिटास १,५०० फेरे घेणारे एंजिन २,१०० फेऱ्यांवर गेले, तर हा ताण जवळजवळ दुप्पट होतो. ३,००० वर गेले, तर चौपट होतो. बिडाच्या फ्लायव्हीलच्या कडेचा वेग सेकंदास सुमारे ३० मीटरच्या आत ठेवावा, असा यंत्रशास्त्रातील जुना संकेत आहे. मिनिटास ६५० फेरे घेणाऱ्या संथ एंजिनाच्या ६० सेंटिमीटर व्यासाच्या चाकाची कड सेकंदास सुमारे २० मीटर वेगाने जाते. तेच एंजिन ९५० फेऱ्यांपर्यंत चढले, की ही मर्यादा गाठली जाते. त्यातून चाकास पूर्वीची चीर असेल, तर ते फुटून त्याचे तुकडे कडेच्या रेषेत दूरवर फेकले जातात. एंजिनाच्या खोलीची भिंत त्यांना अडवीलच असे नाही. याखेरीज कनेक्टिंग रॉडचे बोल्ट तुटणे, व्हॉल्व्ह पिस्टनवर आदळणे असे प्रकार घडून एंजिन कायमचे निकामी होते.

दोष कोठे शोधावा

पहिला आणि नेहमीचा दोष जोडणीचा असतो. काही नमुन्यांत इंधन पंप बसविताना रॅकची खुंटी गव्हर्नरच्या दांड्याच्या खाचेत अचूक शिरावी लागते. ती बाहेर राहिली, तर पंप वरून व्यवस्थित बसलेला दिसतो. पण रॅक मोकळाच राहतो.

दुसरा दोष रॅक अडकण्याचा. पंपात कचरा वा गंज असणे, किंवा पंपाच्या डोक्यावरील डिलिव्हरी व्हॉल्व्हचा नट गरजेपेक्षा अधिक आवळला जाणे, यामुळे आतील दांडा आवळला जाऊन रॅक हलेनासा होतो.

तिसरा दोष खुणांचा. पंप पूर्ण खोलला असल्यास रॅकच्या दातावरील व त्यात फिरणाऱ्या दातेरी कड्यावरील खुणा जुळवून बसवाव्या लागतात. एखादा दात पुढेमागे झाला, तर दांडा बंदच्या जागी नेला तरी इंधन चालूच राहते.

चौथा दोष खुद्द गव्हर्नरचा. दुसऱ्या नमुन्याची अधिक ताठ स्प्रिंग बसविणे, वेगाचा स्क्रू वाजवीपेक्षा आत फिरविणे, अथवा वजनांच्या पिना अडकून राहणे यामुळे वेग चढाच राहतो. अधिक पाणी मिळावे म्हणून गव्हर्नर तारेने ओढून बांधण्याची जी खोड काही ठिकाणी दिसते, ती याच वर्गातील होय. तीत फायदाही नाही. पंपाचा वेग १० टक्क्यांनी वाढविल्यास पाणी साधारण १० टक्केच वाढते. शक्ती मात्र ३३ टक्के अधिक लागते आणि डिझेलही त्या मानाने जळते.

पाचवा दोष सर्वांत फसवा आहे. चेंबरमध्ये खुणेपेक्षा जास्त ऑईल भरणे, हवागाळणीच्या वाटीत ऑईल अधिक होणे, रिंगांच्या फटी एका रेषेत येणे किंवा झिजलेले व्हॉल्व्ह गाईड तसेच ठेवणे यामुळे वंगणाचे तेल सिलिंडरमध्ये शिरते आणि इंधनासारखे जळू लागते. अशा वेळी डिझेल पूर्ण तोडले तरी एंजिन धावत राहते. येथे गव्हर्नर निर्दोष असूनही निरुपयोगी ठरतो.

बंद करण्याचा दांडा ओढल्यावर एंजिन थांबले, तर दोष गव्हर्नर व त्याच्या जोडणीत शोधावा. दांडा ओढूनही ते थांबले नाही, तर रॅक अडकला आहे, खुणा चुकल्या आहेत अथवा वंगणतेल आत जात आहे असे समजावे. निळसर धूर हे वंगणतेल जळत असल्याचे लक्षण होय.

सुरू करण्यापूर्वीची कसोटी

एंजिन सुरू होईल की नाही, हे पाहण्यापूर्वी ते बंद होईल की नाही, हे पाहिले पाहिजे. यासाठी कोणतेही खर्चाचे साधन लागत नाही.

१. एंजिन उभे असताना बंद करण्याचा दांडा ओढून सोडावा. रॅक सहज सरकला पाहिजे आणि दांडा सोडताच स्प्रिंगच्या ओढीने आपोआप परत आला पाहिजे. हाताने ढकलावा लागत असेल, तर एंजिन सुरू करू नये.

२. डिकॉम्प्रेशनचा दांडा उचलून हँडल सावकाश फिरवावे. रॅक चालूच्या जागी असताना नोझलमधून इंधन सुटल्याचा करकर असा आवाज येतो. आता बंद करण्याचा दांडा धरून पुन्हा हँडल फिरवावे. आवाज पूर्णपणे थांबला पाहिजे. थांबला नाही, तर पंपाच्या खुणा व जोडणी पुन्हा तपासावी.

३. चेंबरमधील ऑईल व हवागाळणीच्या वाटीतील ऑईल खुणेइतकेच आहे, याची खात्री करावी.

४. फ्लायव्हीलवर चीर नाही, त्याची चावी घट्ट बसली आहे, आणि वेगाचा स्क्रू सर्वांत कमी गतीवर आणला आहे, हे पाहावे.

पहिली चाचणी

पहिल्या चाचणीच्या वेळी दोन जाणत्या माणसांनीच जवळ असावे. मुलांना व बघ्यांना लांब ठेवावे. फ्लायव्हीलच्या कडेच्या रेषेत कोणीही उभे राहू नये. हवागाळणी तेवढ्यापुरती काढून ठेवावी आणि हवेच्या तोंडावर पुरेपूर बसेल अशी जाड, सपाट फळी हाताशी ठेवावी. एकाने हँडल मारावे व दुसऱ्याने पहिल्या ठोक्यापासून बंद करण्याच्या दांड्यावर हात ठेवावा. वेग चढत जात आहे असे वाटताच, पुढे काय होते याची वाट न पाहता दांडा ओढावा. एंजिन कमी गतीवर स्थिर राहिले, तरच स्क्रूने गती हळूहळू वाढवावी. चाचणी आटोपताच हवागाळणी परत बसवावी. धुळीच्या दिवसांत तिच्यावाचून चालविलेले एंजिन लवकर झिजते.

बेफाम सुटल्यास

दांडा ओढूनही एंजिन थांबत नसेल, तर बाजूने जाऊन हवेचे तोंड फळीने घट्ट झाकावे. हवा तुटली की इंधन डिझेल असो वा वंगणतेल, एंजिन थांबतेच. हाताचा तळवा किंवा सुटे फडके तेथे लावू नये. ते आत ओढले जाते. एकच सिलिंडर असलेल्या एंजिनात डिकॉम्प्रेशनचा दांडा उचलणे हाही निकडीचा उपाय आहे, मात्र एंजिन रोज बंद करण्यासाठी त्याचा वापर करू नये. टाकीची चावी बंद करून वाट पाहत बसू नये, कारण गाळणीत व नळीत उरलेल्या इंधनावर एंजिन आणखी काही वेळ धावते. पट्टा कधीही पाडू नये. पंपाचा भार हा अशा वेळी वेगास आवर घालणारा असतो, तो निघताच वेग एकदम चढतो. जवळ जाणे सुरक्षित नसेल, तर एंजिनाचा मोह सोडून सर्वांनी कडेच्या रेषेपासून दूर व्हावे. यंत्र पुन्हा घेता येते.

एंजिन थांबल्यावर लगेच चेंबर उघडू नये, कारण आतील तापलेल्या तेलाची वाफ पेटण्याचा संभव असतो. पुन्हा तसेच होते का हे पाहण्याकरिता ते दुसऱ्यांदा सुरूही करू नये. थंड होऊ द्यावे, दोष शोधावा आणि कनेक्टिंग रॉडचे बोल्ट व फ्लायव्हील तपासल्यावरच पुढे जावे.

वेग मोजण्याची सोपी रीत

पट्ट्यावर चालणाऱ्या संथ एंजिनाचा वेग खडू आणि घड्याळ यांच्या साहाय्याने मोजता येतो. पट्ट्यावर खडूची ठळक खूण करावी व ती एका मिनिटात किती वेळा समोरून जाते, हे लांब उभे राहून मोजावे. या संख्येस पट्ट्याच्या लांबीने गुणून एंजिनाच्या पुलीच्या परिघाने भागले, की एंजिनाचे फेरे मिळतात. उदाहरणार्थ, पट्टा ६६० सेंटिमीटर लांब व पुलीचा व्यास २१ सेंटिमीटर, म्हणजे परीघ ६६ सेंटिमीटर आहे. खूण मिनिटास ६५ वेळा दिसली, तर एंजिन ६५० फेरे घेत आहे असे समजावे. हीच खूण ८० वेळा दिसली, तर एंजिन ८०० फेऱ्यांवर गेले असून ते ताबडतोब थांबवावे. पंपास थेट जोडलेल्या १,५०० फेऱ्यांच्या एंजिनाकरिता मिस्त्र्याकडील वेगमापक वापरावा. भार काढल्यावर वेग थोडा वाढणे स्वाभाविक आहे. ही वाढ साधारणपणे १० टक्क्यांच्या आत असावी. एंजिनावर कोरलेल्या पाटीवरील आकडा हाच प्रमाण मानावा.

कार्यकर्त्यांचे काम

गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी रब्बीच्या तोंडावर, एंजिने दुरुस्तीस निघण्याच्या सुमारास, एखाद्या शेतकऱ्याच्या विहिरीवर मिस्त्र्यास बरोबर घेऊन वरील कसोटीचे प्रात्यक्षिक दाखवावे. उभ्या एंजिनावर ते अर्ध्या तासात होते आणि पाहणाऱ्याच्या कायम लक्षात राहते. एंजिनाची खोली नव्याने बांधावयाची असल्यास फ्लायव्हीलची कड पायवाटेच्या किंवा माणसे बसण्याच्या जागेच्या रेषेत येणार नाही, अशी मांडणी सुचवावी.

शेतकऱ्याने दुरुस्तीचे पैसे चुकते करण्यापूर्वी मिस्त्र्याकडून तीन गोष्टी आपल्या डोळ्यांदेखत करून घ्याव्यात: रॅक मोकळा सरकतो हे पाहणे, बंदच्या जागी नोझलचा आवाज थांबतो हे ऐकणे, आणि भाराविना व भारासह वेग मोजणे. चांगला मिस्त्री यास नाखूश होत नाही; उलट आपले काम पारखून घेणारा मालक त्यास आवडतो. पाण्याची पाळी एक दिवस लांबली, तर पीक बहुधा तग धरते. पण घाईने फिरविलेल्या एका हँडलपायी घरातील माणूस जखमी झाला, तर ती हानी कोणत्याही हंगामात भरून येत नाही.