ज्वालामुखी चढायचाय? आधी सुट्टीचे दिवस मोजा

डमडमला आमच्या घरावरून विमाने इतक्या खालून जातात की बोलता बोलता थांबावे लागते. हा विमानतळ समुद्रसपाटीपासून जेमतेम ५ मीटर उंचीवर आहे. आजूबाजूला टेकडी सोडाच, साधा चढाचा रस्ताही शोधून सापडत नाही. अशा ठिकाणी राहून गेल्या वर्षी एका रात्री आईने जेवताना जाहीर केले, "मला किलिमांजारो चढायचाय."

आई ५१ वर्षांची आहे. तिचे माहेर अकोल्याचे. लहानपणी नवरात्रात ती घरच्यांबरोबर कळसूबाईला जायची. त्यानंतर लग्न, बाबांच्या बदल्या आणि आता १२ वर्षे कोलकाता. बाबांनी आमटी वाढून घेतली आणि विचारले, "एकटीच जाणार?"

"ही येईल की," आईने माझ्याकडे बोट दाखवले.

मी २५ वर्षांची. दिवसभर लॅपटॉपसमोर बसून लिहिणे हे माझे काम. तरी मला वाटले, यात मला काय अवघड आहे? काळजी घ्यायची ती आईची. हा समज किती चुकीचा होता ते पुढे कळलेच.

प्रेरणा कोलकात्याचीच

आईच्या डोक्यात हे खूळ आले ते सत्यरूप सिद्धांत यांच्यामुळे. बंगालच्या या गिर्यारोहकाला लहानपणी दम्याचा त्रास होता. २०१२ मध्ये ते किलिमांजारो चढले. पुढे सातही खंडांतील सर्वोच्च शिखरे आणि सातही खंडांतील सर्वोच्च ज्वालामुखी त्यांनी सर केले. जानेवारी २०१९ मध्ये अंटार्क्टिकातील माउंट सिडली चढून त्यांनी हा संच पूर्ण केला, तेव्हा ते ३५ वर्षांचे होते. हे दोन्ही संच पूर्ण करणारे ते जगातील सर्वांत तरुण गिर्यारोहक ठरले.

आईला मात्र विक्रमापेक्षा दुसरीच गोष्ट आवडली होती. एव्हरेस्टवर त्यांना २०१४ मध्ये हिमस्खलनामुळे आणि २०१५ मध्ये नेपाळच्या भूकंपामुळे शिखर न गाठता परतावे लागले. २०१६ मध्ये ते पुन्हा गेले आणि शिखरावर पोहोचले. आई म्हणाली, "परत यायला जमतं, त्यालाच पुन्हा जाता येतं."

त्यासाठी परदेशात कशाला जायचे?

बाबांचा हा पहिला प्रश्न होता आणि तो रास्तही आहे. भारतात जागृत ज्वालामुखी एकच, अंदमानच्या समुद्रातील बॅरन बेट. त्याची उंची साडेतीनशे मीटरच्या आसपास आहे आणि तिथे गिर्यारोहणाला जाता येत नाही. गंमत म्हणजे ज्या सह्याद्रीत आपण लहानाचे मोठे होतो, तोही लाव्हाच्या थरांनीच बनलेला आहे. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी जमिनीच्या भेगांतून वाहिलेल्या लाव्हाचा तो काळा बेसाल्ट. म्हणजे आई लहानपणापासून ज्वालामुखीच्या खडकावरच चढत आली आहे. फक्त उंच, शंकूसारखा ज्वालामुखी हवा असेल तर देशाबाहेर जावे लागते.

पहिल्यांदा जाणाऱ्यांनी उंचीचा मोह टाळून, तिथे कोणते कौशल्य लागते ते आधी पाहावे.

* जपानचा फुजी (३,७७६ मीटर) : जुलै ते सप्टेंबरच्या सुरुवातीपर्यंतचा हंगाम. वाट आखलेली, मुक्कामाला झोपड्या.

* टांझानियाचा किलिमांजारो (५,८९५ मीटर) : दोर लागत नाही, पायीच जाता येते. खरी परीक्षा विरळ हवेची.

* रशियाचा एल्ब्रुस (५,६४२ मीटर) : किलिमांजारोपेक्षा कमी उंच, पण सगळा बर्फाचा. बुटांना काटे लावून चालणे आणि बर्फकुऱ्हाड वापरणे यायला हवे.

* चिली आणि अर्जेंटिनाच्या सीमेवरील ओहोस देल सालादो (६,८९३ मीटर) : जगातील सर्वांत उंच ज्वालामुखी. नवख्यांनी याचे नाव काढू नये.

आम्ही किलिमांजारोवर शिक्कामोर्तब केले. त्याचे किबो हे मुख्य शिखर सुप्त ज्वालामुखी आहे. त्याच्या विवरातून आजही गंधकाचा वास असलेली वाफ निघते. कोरडा हंगाम जानेवारी ते मार्चची सुरुवात आणि जून ते ऑक्टोबर. मार्चच्या मध्यापासून मेपर्यंत जोराचा पाऊस असतो, तेव्हा शक्यतो जाऊ नये.

संदकफूने शिकवलेला धडा

आधी एखादी उंच जागा चढून बघावी, म्हणून गेल्या नोव्हेंबरमध्ये आम्ही दोघी संदकफूला गेलो. ३,६३६ मीटर उंचीची ही जागा पश्चिम बंगालमधील सर्वांत उंच. मानेभंज्यांगहून लोक तीन दिवस चालत वर जातात. मला सुट्टी कमी होती, म्हणून मीच ठरवले की जाताना जीपने जाऊ आणि येताना उतरू.

एका दिवसात आम्ही वर पोहोचलो. संध्याकाळी माझे डोके ठणकायला लागले. रात्री दोनदा उलटी झाली. बाहेर चांदण्यात कांचनजंगा दिसत होते म्हणे, मी मात्र बादलीकडे तोंड करून बसले होते. आणि आई? तिने दोन वाट्या खिचडी खाल्ली आणि रात्रभर माझ्या उशाशी बसून राहिली. सकाळी आम्ही खाली उतरलो. थोडे उतरताच मला बरे वाटू लागले.

परतल्यावर डॉक्टरांनी समजावले की विरळ हवेचा त्रास वय किंवा तब्येत पाहून होत नाही. व्यायाम करणाऱ्या तरुणालाही तो होतो. शरीराला उंचीची सवय व्हायला दिवस लागतात आणि तेवढे दिवस मी त्याला दिले नव्हते.

नियम सोपा आहे. ३,००० मीटरच्या वर गेल्यावर रोजच्या मुक्कामाची उंची ५०० मीटरपेक्षा जास्त वाढवू नये आणि दर तीन-चार दिवसांनी एक दिवस त्याच उंचीवर थांबावे. किलिमांजारोच्या शिखरावर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या जवळपास निम्मा असतो. म्हणजे प्रत्येक श्वासात प्राणवायूही निम्माच मिळतो.

स्वस्त सहल का नको?

संदकफूहून आल्यावर आम्ही किलिमांजारोचे कार्यक्रम पुन्हा उघडून बसलो. सर्वांत स्वस्त होता मारांगू मार्गाचा ५ दिवसांचा. माझ्या सुट्टीतही तो बसत होता. त्यातील मुक्काम आईने वहीत लिहून काढले. पहिला मुक्काम मंदारा, २,७२० मीटर. दुसरा होरोम्बो, ३,७२० मीटर. तिसरा किबो, ४,७२० मीटर. आणि त्याच मध्यरात्री शिखराकडे कूच.

"म्हणजे रोज हजार मीटर," आई म्हणाली. "तुझं संदकफू तीन दिवस लागोपाठ."

त्याउलट लेमोशो मार्गाला ८ दिवस लागतात. त्यात एका दिवशी ४,६०० मीटरवरील लाव्हा टॉवरपर्यंत चढून झोपायला पुन्हा ४,००० मीटरच्या खाली, बरांको तळावर उतरतात. दिवसा उंच चढावे आणि रात्री खाली झोपावे, हीच शरीराला सवय लावण्याची रीत. तरीही शेवटच्या टप्प्यात चढ मोठाच आहे, म्हणून कोणताही मार्ग धोका शून्य करत नाही. तो फक्त कमी करतो.

पैशांचा हिशेबही करून पाहिला. आम्ही पाहिलेल्या दरांनुसार उद्यानाचे शुल्क माणशी दिवसाला ७० डॉलर, तंबूचे रात्रीला ५० डॉलर, बचावकार्याचे एकदाच २० डॉलर आणि त्यावर १८ टक्के कर. ८ दिवसांचे हे शुल्कच सुमारे १,१०० डॉलर होते. मारांगूला तंबूऐवजी झोपड्या असतात, त्यांचे रात्रीला ६० डॉलर. तिथे ५ दिवसांचे साधारण ७२० डॉलर होतात. दर बदलत असतात, त्यामुळे बुकिंगआधी नक्की तपासा.

या हिशेबातून आणखी एक गोष्ट कळते. शुल्क सगळ्यांना सारखेच, मग एखादी कंपनी फारच स्वस्तात नेत असेल तर ती कुठे हात आखडते? बहुतेक वेळा हमालांच्या मजुरीत आणि जेवणात. तिथे परवानाधारक कंपनी आणि स्थानिक वाटाड्याशिवाय चढताच येत नाही. हमालाने २० किलोपेक्षा जास्त ओझे वाहू नये असा नियम आहे. 'किलिमांजारो पोर्टर्स असिस्टन्स प्रोजेक्ट' ही संस्था हमालांना नीट वागवणाऱ्या कंपन्यांची नोंद ठेवते. कंपनी निवडताना ही नोंद अवश्य बघा.

शेवटी आम्ही मोहीम वर्षभर पुढे ढकलली. तोवर मी सुट्टी साठवते आणि आई भिशीचे पैसे.

सपाट शहरात सराव कसा करावा?

* जिना हाच आपला डोंगर समजा. आमच्या पाच मजली इमारतीत आम्ही पहाटे दहा वेळा चढतो आणि उतरतो. सॅकमध्ये पाण्याच्या भरलेल्या बाटल्या असतात. सुरुवात दोन बाटल्यांनी केली, आता सहा आहेत.

* वेग असा ठेवा की चालताना गप्पा मारता आल्या पाहिजेत. किलिमांजारोवर वाटाडे सतत "पोले पोले" म्हणतात. स्वाहिली भाषेत याचा अर्थ सावकाश, सावकाश.

* उतरण्याचा सरावही तितकाच करा. शिखरावरून पायथ्यापर्यंतचे ४,००० मीटरहून जास्त अंतर दोन दिवसांत उतरायचे असते. सगळा भार गुडघ्यांवर येतो.

* महिन्यातून एकदा खऱ्या डोंगरावर जा. बंगालमधील गिर्यारोहण संस्था बांकुड्याच्या सुसुनिया आणि पुरुलियाच्या जयचंडी पहाडावर शिबिरे घेतात. महाराष्ट्रात असाल तर सह्याद्री दारातच आहे.

डॉक्टर, लस आणि विमा

रक्तदाब, साखर, हृदय आणि फुप्फुसांची तपासणी आधी करून घ्या. उंचीच्या त्रासावर डायमॉक्स ही गोळी देतात, पण ती डॉक्टरांना विचारूनच घ्यावी. सल्फा औषधांची अ‍ॅलर्जी असेल तर ते आवर्जून सांगा.

कोलकात्याहून थेट विमान नाही. दोहामार्गे किंवा मुंबईहून आदिस अबाबामार्गे जाता येते. इथियोपिया किंवा केनियामार्गे जाणार असाल तर पीतज्वराची लस टोचून घ्या. ती प्रवासाच्या किमान १० दिवस आधी घ्यावी लागते आणि तिचे प्रमाणपत्र आयुष्यभर चालते. प्रमाणपत्र नसेल तर भारतात परतल्यावर ६ दिवसांपर्यंत विलगीकरणात राहावे लागू शकते. ही लस फक्त सरकारमान्य केंद्रांतच मिळते. कोलकात्यात चित्तरंजन अ‍ॅव्हेन्यूवरील अखिल भारतीय स्वच्छता व सार्वजनिक आरोग्य संस्थेत तसे केंद्र आहे.

विमा घेताना बारीक अक्षरे वाचा. साध्या प्रवासविम्यात इतक्या उंचीवरील चढाई बहुधा धरलेली नसते. ६,००० मीटरपर्यंतची पायी चढाई आणि हेलिकॉप्टरने खाली आणण्याचा खर्च, या दोन्ही गोष्टी लेखी असायला हव्यात.

सॅकमध्ये काय काय?

शिखराच्या रात्री पारा शून्याखाली १० ते २० अंशांपर्यंत जातो. अंगाला चिकटून घाम शोषणारा थर, मध्ये उबदार थर आणि वर वारा-पाऊस अडवणारा थर, असे तीन थर लागतात. बूट मात्र नवे घेऊन थेट जाऊ नका, तीन महिने आधीपासून वापरा. जाड जॅकेट आणि झोपायची पिशवी पायथ्याच्या मोशी गावात भाड्याने मिळते. डोक्याला लावायचा दिवा आणि जादा बॅटऱ्या विसरू नका. टांझानियात २०१९ पासून प्लास्टिकच्या कॅरीबॅगवर बंदी आहे, त्यामुळे कपडे कापडी पिशव्यांत भरा.

वर गेल्यावर भूक मरते, म्हणून ओळखीची चव जवळ असावी. आईच्या यादीत पहिल्या क्रमांकावर मेतकूट आहे, दुसऱ्यावर शेंगदाण्याची चिक्की.

सर्वांत अवघड तयारी

शिखराच्या आधीच्या तळाचे नाव बराफू. स्वाहिलीत त्याचा अर्थ बर्फ, आपल्याच शब्दाचा भाऊ वाटावा असा. तिथून मध्यरात्री निघून सहा ते आठ तास चढायचे. दमलेल्या, अर्धवट झोपेतल्या माणसाने तिथे निर्णय घेऊ नये, म्हणून आम्ही निर्णय घरीच घ्यायचे ठरवले. डोकेदुखी वाढत गेली, तोल जाऊ लागला, बसल्या जागी धाप लागली, बोलणे असंबद्ध झाले, यातील काहीही दिसले तर औषध एकच, खाली उतरणे. वाटाड्या "उतरा" म्हणाला की वाद घालायचा नाही. कंपनीला आम्ही आधीच विचारून ठेवले आहे की सहायक वाटाडे किती असतील, म्हणजे एकीला उतरावे लागले तर तिच्यासोबत कोणीतरी असेल आणि दुसरीला पुढे जाता येईल.

इथे आई अडली. "तुला खाली पाठवून मी वर जाऊ? शक्यच नाही."

"आणि तुला उतरावं लागलं तर? मीही परत यायचं?"

"तू जा. तू कशाला थांबतेस?"

मग तिच्याच लक्षात आले आणि ती गप्प बसली. बराच वेळ वहीकडे पाहत राहिली. बाबा म्हणाले, "दोघींना एकच नियम लावा, नाहीतर दोघीही घरी राहा."

आता ती वही देवघराशेजारच्या फळीवर आहे. मुक्कामांच्या यादीखाली आईच्या अक्षरात तीन ओळी आहेत. जिला उतरायला सांगतील तिने उतरायचे. दुसरीने पुढे जायचे. घरी आल्यावर कोणी कोणाला बोल लावायचा नाही. खाली आम्हा दोघींच्या सह्या आहेत. साक्षीदार म्हणून बाबांनीही सही केली आहे.

मोहिमेला अजून काही महिने आहेत. उद्या पहाटे सातवी बाटली सॅकमध्ये जाणार आहे.