रिपोर्ट आला होता, मग गेला कुठे?

वर्धा शहराला लागून असलेल्या सिंदी मेघेतील एका घराचे चित्र डोळ्यांपुढे आणा. वडिलांना बारा वर्षांपासून मधुमेह आहे, मुलगा पुण्यात नोकरीला. तपासणीच्या वेळी डॉक्टर विचारतात, ‘तीन वर्षांपूर्वी क्रिएटिनिन किती होते?’ मूत्रपिंडाची तब्येत ओळखताना आजचा एक आकडा पुरत नाही. तो कसा वाढत गेला हे पाहावे लागते. लॅबने तेव्हाचा रिपोर्ट ईमेलवर पाठवला होता, हे वडिलांना पक्के आठवते. मोबाइलवर तोच ईमेल पत्ता उघडला, तर तिथे फक्त गेल्या दोन महिन्यांचे मेल. दोन महिन्यांपूर्वीच घरातला जुना संगणक बंद पडला होता.

मेल कोणी चोरले नाहीत की चुकीच्या पत्त्यावरही गेले नाहीत. पत्रावर ‘सिंदी मेघे’ऐवजी ‘सिंदी रेल्वे’ लिहिले, तर ते सेलू तालुक्यात पोहोचेल. ती पाठवण्यातली चूक. इथे मेल योग्य जागी पोहोचला होता. गडबड झाली ती पुढच्या टप्प्यात, म्हणजे पोहोचलेला मेल वाचणाऱ्याने कोणत्या पद्धतीने उचलला यात.

ईमेलचा प्रवास दोन टप्प्यांत होतो. पाठवणाऱ्याकडून निघालेला मेल ‘एसएमटीपी’ नावाच्या नियमावलीने आपल्या सेवा देणाऱ्या कंपनीच्या सर्व्हरपर्यंत येतो. तिथून तो आपल्या संगणकावर किंवा मोबाइलवर आणण्यासाठी दोन पद्धती रूढ आहेत : पॉप आणि आयमॅप.

घरी नेलेली पत्रे

पॉप म्हणजे ‘पोस्ट ऑफिस प्रोटोकॉल’. नावाप्रमाणेच तिचे काम चालते. आपण टपाल कार्यालयात जातो, आपल्या नावाची पत्रे घेतो आणि घरी येतो. कार्यालयातला खण रिकामा होतो. पॉपची पहिली आवृत्ती १९८४ मध्ये आली, तर आज वापरात असलेली तिसरी आवृत्ती १९८८ मधली. भारतात विदेश संचार निगमने १५ ऑगस्ट १९९५ रोजी सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सेवा सुरू केली, तेव्हा फोनच्या तारेवरून जोडणी करावी लागे आणि जितका वेळ जोडणी तितके पैसे. अशा वेळी पटकन जोडायचे, सगळे मेल उतरवून घ्यायचे, फोन ठेवायचा आणि निवांत वाचायचे, ही रीत सोयीची होती. सर्व्हरवर जागाही थोडी असे, त्यामुळे उतरवलेला मेल तिथून पुसला गेला तर बरेच वाटे.

वर सांगितलेल्या घरातला संगणक याच पद्धतीने लावलेला होता. आलेला प्रत्येक मेल तो उतरवून घेई आणि सर्व्हरवरून काढून टाकी. तीन वर्षांपूर्वीच्या रिपोर्टची एकमेव प्रत त्या बंद पडलेल्या हार्ड डिस्कवर राहिली.

कार्यालयातच ठेवलेली वही

आयमॅप म्हणजे ‘इंटरनेट मेसेज ॲक्सेस प्रोटोकॉल’. अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठात मार्क क्रिस्पिन यांनी १९८६ मध्ये ती तयार केली. इथे मूळ मेल सर्व्हरवरच राहतो; मोबाइल, संगणक, टॅब ही त्याच वहीकडे पाहणारी वेगवेगळी माणसे. एकाने मेल वाचला की तो सगळीकडे ‘वाचलेला’ दिसतो. पाठवलेले मेल आणि आपण केलेले कप्पेही सगळीकडे सारखेच दिसतात. पॉप मात्र फक्त इनबॉक्स ओळखते. आयमॅपमध्ये आधी नुसती मेलची यादी मागवून, जड जोडपत्र लागेल तेव्हाच उतरवता येते. नेटवर्क कमजोर असेल तिथे याचा उपयोग होतो.

पण आयमॅपमध्येही एक खाच आहे. वही एकच असल्याने मोबाइलवर पुसलेला मेल संगणकावरूनही जातो. ‘फोनमधली जागा रिकामी करतो’ म्हणून मेल उडवले, तर ते बहुधा काही दिवस कचराकुंडीत राहून कायमचे जातात. शिवाय सर्व्हरवरची जागा मोजकी असते. जीमेलच्या मोफत खात्यात १५ जीबी मिळते आणि त्यातच फोटो व इतर फायलीही मोजल्या जातात. ती भरली की नवे मेल येणे थांबते.

काय करता येईल?

मेल मोबाइल आणि संगणक अशा दोन ठिकाणी वाचायचे असतील, तर आयमॅप निवडावे. ते ओळखणे सोपे आहे : मेल ॲपमधील खात्याच्या सेटिंगमध्ये ‘इनकमिंग सर्व्हर’च्या नावात बहुधा पॉप किंवा आयमॅप लिहिलेले असते. क्रमांकावरूनही कळते, सुरक्षित पॉपचा पोर्ट ९९५, सुरक्षित आयमॅपचा ९९३. तिथे ११० किंवा १४३ असेल, तर एसएसएल किंवा टीएलएस सुरू आहे का ते तपासावे. नसेल, तर पासवर्ड उघडा जाण्याचा धोका असतो. पॉपच ठेवायचे असल्यास ‘सर्व्हरवर प्रत ठेवा’ हा पर्याय सुरू करावा.

जुन्या संगणकावर वर्षानुवर्षांचे मेल पॉपने साठले असतील, तर जुने खाते आधी काढू नये. त्याच्या शेजारी तेच खाते आयमॅपने जोडावे, जुने मेल ओढून नव्या कप्प्यात टाकावेत, ते मोबाइलवर दिसू लागल्याची खात्री करावी आणि मगच जुने खाते बंद करावे. संगणक आधीच बंद पडला असेल, तरी तो भंगारात देण्याची घाई नको. अनेकदा बिघाड दुसऱ्याच भागात असतो आणि हार्ड डिस्क काढून दुसऱ्या संगणकाला जोडली की त्यातले मेल मिळतात.

आणि वैद्यकीय कागदांसाठी तरी केवळ इनबॉक्सवर विसंबू नये. रिपोर्ट आला, की तारखेसह नाव देऊन तो पेन ड्राइव्हवर उतरवावा आणि एक छापील प्रत फायलीला लावावी. पुढच्या वेळी डॉक्टरांनी जुना आकडा विचारला, तर तो फायलीतूनच वाचून सांगता येईल.