बायबलचा अभ्यास आणि संगणक

बायबल हा एक ग्रंथ नसून अनेक शतकांत रचल्या गेलेल्या ग्रंथांचा संग्रह आहे. जुना करार मुख्यतः हिब्रू भाषेत, तर नवा करार ग्रीक भाषेत लिहिला गेला. जेम्स स्ट्राँग या अमेरिकन विद्वानाने १८९० मध्ये प्रसिद्ध केलेल्या शब्दसूचीत १६११ च्या इंग्रजी भाषांतरातील शब्द वर्णानुक्रमे लावलेले असून त्यांमागील मूळ शब्दांना क्रमांक दिलेले आहेत. त्यामुळे मूळ भाषा न जाणणाऱ्या वाचकालाही मूळ शब्दाचा माग काढता येऊ लागला. आजच्या अनेक संगणकीय साधनांनी हीच क्रमांकपद्धती स्वीकारली आहे.

तिचा उपयोग एका उदाहरणाने स्पष्ट होईल. योहानाच्या शुभवर्तमानाच्या २१ व्या अध्यायात येशू पेत्राला त्याच्या प्रीतीविषयी तीन वेळा विचारतो. इंग्रजी भाषांतरांत तिन्ही ठिकाणी बहुधा एकच क्रियापद आढळते. परंतु ग्रीकमध्ये पहिल्या दोन प्रश्नांत ‘आगापाओ’ आणि तिसऱ्यात ‘फिलेओ’ हे क्रियापद आहे. हा भेद संगणक क्षणार्धात दाखवितो. यावरून दोन प्रकारच्या प्रेमांचा सिद्धान्त मांडण्याचा मोह होतो. मात्र तोच शोध पुढे चालविल्यास असे दिसते की, पित्याचे पुत्रावरील प्रेम सांगताना याच शुभवर्तमानात ३:३५ येथे पहिले आणि ५:२० येथे दुसरे क्रियापद योजलेले आहे. अर्धा शोध दिशाभूल करतो, तो असा.

साधन निवडताना प्रथम पाहावे ते हे की, त्यात शब्दाच्या मूळ रूपावरून शोध घेता येतो काय. मराठीत ‘घोडा’ शोधणाऱ्यास ‘घोड्याला’ हे रूप आपोआप सापडणार नाही. हिब्रू व ग्रीकमध्येही हीच अडचण आहे. म्हणून प्रत्येक रूपाची व्याकरणिक नोंद विद्वानांनी आधीच केलेली असावी लागते. संगणकाचे उत्तर त्या नोंदीइतकेच विश्वसनीय असते.

दुसरी गोष्ट कोशांची. ‘सोर्ड’ किंवा विंडोज प्रणालीवरील ‘ई-सोर्ड’ ही साधने विनामूल्य मिळतात; ‘लोगोस’ व ‘अकॉर्डन्स’ यांचे मोठे संग्रह विकत घ्यावे लागतात. विनामूल्य संग्रहांतील कोश पुष्कळदा स्वामित्वहक्काची मुदत संपलेले, म्हणजेच जुने असतात. मृत समुद्राजवळ कुमरान येथे १९४७ पासून सापडलेल्या प्राचीन हस्तलिखितांची स्ट्राँगच्या कोशाला माहिती असणे शक्यच नव्हते. मूल्य देऊन घेतलेले साधनही चिरस्थायी नसते. अभ्यासकांत मान्यता पावलेल्या ‘बायबलवर्क्स’चे काम २०१८ मध्ये थांबले. स्वतःची टिपणे म्हणून सहज उघडता येईल अशा साध्या स्वरूपात वेगळी जतन करावीत.

शब्द कोठे आला, हे यंत्र सांगते. तो तेथे का आला, हे कळण्यासाठी मात्र संपूर्ण अध्याय वाचावाच लागतो.