ट्रॉली गेली, कचरा कोठे गेला?

उन्हाळा संपत आला की आमच्या मुळशी तालुक्यात घरोघरी एकच गडबड उडते. कौले परतून घ्यायची, अंगणातले चर मोकळे करायचे, परसातला पालापाचोळा ओढायचा, माळ्यावरची अडगळ खाली काढायची. मृगाचा पाऊस एकदा ताम्हिणीकडून उतरला की चार महिने कशालाच हात लावता येत नाही. आवराआवर झाली की अंगणात ढीग उभा राहतो आणि घरधनी ट्रॅक्टरवाल्याला निरोप धाडतो, ‘एक ट्रॉली पाठव रे.’ ट्रॉली भरते, भाडे दिले जाते, अंगण लख्ख होते. आपण हातपाय धुऊन चहा घेतो. कचरा गेला!

तो कोठे गेला, हा प्रश्न मीही बरीच वर्षे कोणाला विचारला नव्हता.

काही वर्षांपूर्वी मे महिन्यात मी वडिलांच्या जुन्या दवाखान्याची खोली रिकामी केली. वडीलही डॉक्टर होते. त्यांच्या काळी औषध म्हणजे मिक्श्चर. कंपाउंडर ते चपट्या बाटलीत भरून देई. काचेतच उठवलेल्या मापाच्या रेघा असलेल्या त्या रिकाम्या बाटल्यांची दोन खोकी निघाली. त्यांच्याबरोबर दोन जुने टायर, रंगाचे वाळलेले डबे, मोडकी खुर्ची, नारळाच्या झावळ्या आणि आंब्याचा ढीगभर पाला, असे सगळे एकाच ट्रॉलीत भरून दिले. ‘कोठे टाकणार?’ असे मी विचारले नाही, त्यानेही सांगितले नाही.

जुलैत लावणी ऐन भरात असताना ओढ्याकाठच्या वस्तीतील एक मावशी मुलाच्या आधाराने लंगडत आल्या. खाचरात पाय टाकताच तळव्यात काच घुसली होती. जखम धुतली, टाके घातले, धनुर्वाताचे इंजेक्शन दिले. मुलाने काचेचा तुकडा कागदात बांधून आणला होता. त्यावर मापाच्या तीन रेघा होत्या. तशा बाटल्या आमच्या पंचक्रोशीत फक्त आमच्या दवाखान्यात होत्या.

ट्रॅक्टरवाल्याला गाठून विचारले. तो म्हणाला, ‘वरच्या अंगाला ओढ्याच्या घळीत ओतली, डॉक्टर. समदे तिथंच टाकत्यात.’ पहिल्या मोठ्या पावसात ओढ्याने तो माल खालच्या खाचरांत पोचवला होता.

गोष्ट एवढ्यावर थांबली नाही. दहाव्या दिवशी मावशींना सडकून ताप भरला. डोळे लाल, पोटऱ्यांना हात लावू देईनात. लेप्टोस्पायरोसिसचा संशय आला म्हणून पुण्याला पाठवले. वेळेवर उपचार मिळाल्याने त्या बऱ्या झाल्या. रोगाचे जंतू त्याच जखमेतून शिरले असे छातीठोकपणे सांगता येणार नाही, कारण चिखलात राबणाऱ्याच्या पायाला बारीक भेगा असतातच. परंतु लावणीचा हंगाम मात्र त्यांच्या हातून गेला. परत आल्यावर मी त्यांना बाटली माझीच होती हे सांगितले. त्या क्षणभर गप्प राहिल्या व म्हणाल्या, ‘तुमी काय मुद्दाम टाकली का? पर आता नका टाकू.’

आजचा लेख त्या एका वाक्यासाठी आहे.

ढिगात कोण राहते?

कचरा म्हणजे केवळ दुर्गंधी, असा आपला समज असतो. डॉक्टरच्या दृष्टीने कचऱ्याचा ढीग हे अनेक जीवांचे घर आहे.

पहिला राहणारा उंदीर. खरकटे मिळते तेथे तो बीळ करतो. लेप्टोस्पायरोसिसचे जंतू त्याच्या लघवीतून बाहेर पडतात आणि ओल्या मातीत, साचलेल्या पाण्यात कित्येक दिवस जगतात. जखमेतून ते माणसाच्या शरीरात शिरतात. बहुधा एक-दोन आठवड्यांत ताप, डोकेदुखी, पोटऱ्यांत तीव्र वेदना, डोळ्यांत लाली अशी लक्षणे दिसतात. पुढे कावीळ होऊन मूत्रपिंडावरही परिणाम होऊ शकतो. भातलावणीच्या दिवसांत असा ताप अंगावर काढू नये. सुरुवातीलाच प्रतिजैविके मिळाली तर रोगी बरा होतो. उंदीर आणि घाण यांचे नाते किती महागात पडते हे १९९४ साली आपण पाहिले आहे. त्या वर्षी बीड जिल्ह्यात मामला गावी गाठीचा प्लेग दिसला आणि पाठोपाठ पुराने व घाणीने गांजलेल्या सुरतेत प्लेगने हाहाकार उडवला.

उंदरामागे साप येतो. नाग, घोणस, मण्यार, फुरसे या चारही विषारी जाती आपल्या भागात आहेत. झावळ्यांचा जुना ढीग हाताने उपसू नका, आधी लांब काठीने हलवा. साप चावलाच तर जखम कापू नका, चोखू नका, करकचून बांधू नका. तो हात वा पाय न हलवता रोग्याला तडक प्रतिविष उपलब्ध असलेल्या रुग्णालयात न्या.

तिसरा राहणारा डास. डेंग्यू पसरवणारा एडिस डास गटाराच्या घाण पाण्यापेक्षा टायर, करवंटी, फुटका डबा यांत साचलेले स्वच्छ पाणी पसंत करतो. अंड्यापासून डास तयार होण्यास साधारण सात ते दहा दिवस लागतात. पाणी आटले तरी अंडी कित्येक महिने कोरडी टिकतात व पुढच्या पावसात फुटतात. म्हणून परसात टाकलेला टायर उन्हाळ्यात निरुपद्रवी दिसला तरी फसू नका.

मग जाळून टाकावा काय?

‘डॉक्टर, आम्ही ट्रॉली बोलावतच नाही, काडी लावून मोकळे होतो,’ असे सांगणारे बरेच भेटतात. याचे मूळ आपल्या शेतीत आहे. मुळशी-मावळात भाताच्या रोपांसाठी जमीन भाजण्याची, म्हणजे राब करण्याची रीत पिढ्यान् पिढ्यांची. शेण, काटक्या, पाला अंथरायचा, वर माती टाकायची आणि पेटवायचे. आजोबांच्या राबात जे जळत होते ते सगळे रानातले होते. आज त्याच पाल्यात पिशव्या, गुटख्याच्या पुड्या, दुधाचे रिकामे पाकीट, वायरचे तुकडे आणि फुटका पाइप असतो.

उघड्यावरची आग भट्टीइतकी तापत नाही. प्लास्टिक अर्धवट जळते. पाइप व वायर यांतील पीव्हीसी जळताना झोंबणारा आम्लवायू आणि डायॉक्सिन नावाची चिवट विषे तयार होतात. धूर सायंकाळच्या थंड हवेत खाली बसतो आणि शेजारच्या दमेकरी आजोबांच्या व तान्ह्या बाळाच्या छातीत जातो. डिसेंबर २०१६ मध्ये राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने उघड्यावर कचरा जाळण्यास देशभर मनाई केली, ती उगाच नव्हे.

ट्रॉलीआधी तीन ढीग

इंग्लंडात असलेली माझी पुतणी सांगते की तिकडे घराची साफसफाई काढली की एक मोठी लोखंडी पेटी भाड्याने आणतात. ती रस्त्यावर ठेवायची असेल तर नगरपालिकेची परवानगी लागते. काठाच्या वर कचरा भरता येत नाही. टायर, बॅटरी, रंग, फ्रीज यांना त्यात सहसा मज्जाव असतो. आणि कचरा नेणारा परवानाधारक आहे की नाही, याची खात्री घरमालकाने करून घ्यायची असते. आपल्याकडे पेटी नाही, ट्रॉली आहे. पण ही शेवटची गोष्ट घेण्यासारखी आहे. कचरा ट्रॉलीत चढला म्हणून आपली जबाबदारी उतरत नाही.

तेव्हा ट्रॉलीला निरोप धाडण्यापूर्वी अंगणात तीन ढीग करा.

पहिला कुजणारा: पाला, गवत, झावळ्या, खरकटे. परसाच्या कचऱ्यात याचाच भरणा असतो. यासाठी भाडे मोजणे म्हणजे स्वतःचे खत पैसे देऊन फेकणे होय. यवतमाळ जिल्ह्यातील पुसदच्या नारायण देवताव पांढरीपांडे यांनी विटांमध्ये फटी ठेवून बांधलेल्या टाक्यात खत करण्याची पद्धत घालून दिली. त्यांच्या नावाच्या आद्याक्षरांवरून ती ‘नाडेप’ म्हणून देशभर ओळखली जाते. टाके दहा फूट लांब, सहा फूट रुंद, तीन फूट उंच. पाल्याचा थर, शेणकाल्याचा शिपका, मातीचा पातळ थर, असे भरत जायचे व वरून शेणमातीने लिंपायचे. तीन-चार महिन्यांत खत तयार होते. हिशेब पाहा. टाके १८० घनफुटांचे, ब्रास शंभर घनफुटांचा. म्हणजे पावणेदोन ब्रासहून थोडा अधिक पाला त्यात बसतो. ट्रॉली ब्रासभराची धरली तर जवळजवळ दोन खेपांचे भाडे वाचले. लहान परस असेल तर कंबरभर खड्डाही पुरे. फक्त झाकण ठेवा आणि ओल बेताची ठेवा.

दुसरा सुका: कागद, पत्रा, बाटल्या, प्लास्टिक. हे भंगारवाल्याचे धन आहे. फुटकी काच मात्र जाड खोक्यात बांधून, वर ‘काच’ असे लिहून द्या. ढीग उपसणाऱ्याचा हात आपल्याच हातासारखा असतो.

तिसरा धोक्याचा: बॅटरी, पारा असलेल्या नळ्या, रंग, कीटकनाशकाचे डबे, मुदत संपलेली औषधे, इन्शुलिनच्या सुया. सुया जाड प्लास्टिकच्या डब्यात झाकण लावून ठेवा व आपल्या डॉक्टरांना विचारून दवाखान्यात द्या. बाकीच्या वस्तूंसाठी ग्रामपंचायतीकडे चौकशी करा. २०१६ च्या घनकचरा नियमांनीही घरातच ओला, सुका व घातक असा तीन प्रकारे कचरा वेगळा ठेवण्यास सांगितले होते.

इतके केल्यावर ट्रॉलीत चढायला उरते ते थोडेच. विटांचे तुकडे, फुटकी कौले व माती वेगळी दिलीत तर ती कोणाच्या तरी भरावाला उपयोगी पडते. जे उरेल त्याचे भाडे ठरवतानाच विचारा, ‘दादा, रिकामी कोठे करणार?’ उत्तर ‘ओढ्यात’ असेल तर ट्रॉली परत पाठवा. शक्य असल्यास पहिल्या खेपेबरोबर स्वतः जा.

ज्यांना हे फार वाटते त्यांनी पुण्याकडे पाहावे. शहराचा कचरा वर्षानुवर्षे उरुळी देवाची व फुरसुंगीला जाऊन पडला. शहर झाडले गेले आणि त्या गावांच्या विहिरी बिघडल्या. आपण शहराला नावे ठेवतो, पण ओढ्याच्या घळीत ट्रॉली ओतताना खालच्या वस्तीशी आपणही तेच करतो. आपले ओढे मुळेला मिळतात आणि वाटेत कोणाची तरी विहीर, कोणाचे तरी खाचर असतेच.

शेवटी, साफसफाई करणाऱ्यांसाठी थोडे. पायांत बूट, हातांत जाड मोजे घाला. जखम झाली तर वाहत्या पाण्याने व साबणाने लगेच धुवा, हळद-माती भरू नका. जखम मळकी असेल आणि धनुर्वाताचे इंजेक्शन घेऊन पाच वर्षे उलटली असतील तर पुन्हा घ्या. आठवड्यातून एकदा परसातील साचलेले पाणी ओता.

त्या मावशी दर पावसाळ्यात लावणीआधी दवाखान्यात डोकावतात. पायाला काही झालेले नसते. ‘औंदा काय टाकलंत?’ एवढेच हसून विचारतात. आता मला उत्तर देता येते.