मोबाइल घ्या, पण कुलूप नसलेला

भिवंडीत शिलाईचा छोटा कारखाना चालवणाऱ्या आमच्या परिचयाच्या एका गृहस्थांना त्यांच्या भाच्याने गेल्या खेपेस अमेरिकेहून एक आयफोन आणून दिला. “मामू, वर्षभरच वापरलाय, नव्यासारखा आहे. फक्त आपलं सिम टाका,” असे सांगून भाचा परत गेला. मामू सिम टाकायला गेले, तर फोनला सिमची खाचच सापडेना. अमेरिकेत विकले जाणारे आयफोन २०२२ सालच्या चौदाव्या मालिकेपासून खाचेविना येतात, त्यात फक्त इ-सिम चालते. दुकानदाराने खटपट करून इ-सिम घातले, तर हे सिम या फोनवर चालणार नाही अशी सूचना पडद्यावर आली. भाच्याने फोन तिकडच्या मोबाइल कंपनीकडून हप्त्याने घेतला होता आणि हप्ते अजून बाकी होते. ते फिटेपर्यंत कंपनी आपले कुलूप काढत नाही. फोन कपाटात गेला. मामूंनी मात्र आपला जुना फोन त्याच आठवड्यात कटिंग मास्टरला देऊन टाकला होता! घाईघाईने बाजारात जाऊन त्यांनी एक सेकंडहँड फोन घेतला. त्यालाही कुलूप निघाले, पण ते वेगळे. त्याची हकीकत पुढे येईल.

आपल्या व्यापारी आणि कारागीर बांधवांच्या हाती आज मोबाइल असतो तो केवळ बोलण्यासाठी नव्हे. ऑर्डर व्हॉट्सअॅपवर येते, कापडाचा नमुना फोटोने जातो, पैसे यूपीआयने जमा होतात, बँकेचा ओटीपीही त्याच नंबरवर येतो. शिलाईयंत्र बंद पडले तर शेजारच्याचे मागून आणता येते, फोन बंद पडला तर धंद्याचा गल्लाच अडकतो. अशा वस्तूवर दुसऱ्या कोणाचे कुलूप असता कामा नये, ही खरेदीची पहिली अट. कॅमेरा किती मेगापिक्सेलचा, हा प्रश्न त्यानंतरचा.

एका कंपनीच्या सिमला बांधलेले फोन आपल्याकडे फारसे रुजले नाहीत. २००३ साली रिलायन्सने ५०१ रुपये भरून मिळणारे सीडीएमए फोन घरोघर पोहोचवले, त्यात दुसऱ्या कंपनीचे सिम घालण्याची सोयच नव्हती. २०१७ चा १५०० रुपये अनामतीचा जिओफोनही फक्त जिओचे सिम घेई. असे अपवाद सोडले तर आपल्या दुकानातला नवा स्मार्टफोन कोणत्याही कंपनीचे सिम घेतो. हे कुलूप आपल्यापर्यंत येते ते परदेशातून आणलेल्या फोनांबरोबर. ब्रिटनमध्ये कुलूपबंद फोन विकण्यास २०२१ च्या अखेरीपासून बंदी आहे, कॅनडात त्याआधी २०१७ पासून. अमेरिकेत मात्र मोबाइल कंपनीकडून हप्त्याने घेतलेले फोन अजूनही कुलूपबंद मिळतात.

कोकणातील घराघरांत आखाती देशांतून फोन येतात. ते बहुधा एका सिमला बांधलेले नसतात, तरी दोन गोष्टी पाहाव्यात. सॅमसंगच्या अनेक फोनांत, ज्या प्रदेशासाठी फोन बनला तिथले सिम घालून प्रथम पाच मिनिटे बोलावे लागते, त्यानंतरच दुसऱ्या प्रदेशाचे सिम चालते. तेव्हा खोके सीलबंद आणण्याचा आग्रह न धरता भावाला किंवा मुलाला तिथेच फोन सुरू करून, बोलून मग आणायला सांगावे. दुसरे म्हणजे वॉरंटी. तिथल्या बिलावर इथले सर्व्हिस सेंटर फुकट दुरुस्ती करून देईलच असे नाही.

आयफोन असेल तर सेटिंग्ज, जनरल, अबाउट या वाटेने गेल्यावर ‘कॅरिअर लॉक’ अशी ओळ दिसते. तिच्यासमोर ‘नो सिम रिस्ट्रिक्शन्स’ लिहिलेले असेल तर फोन मोकळा. अँड्रॉइड फोनात दोन वेगवेगळ्या कंपन्यांची सिमे घालून प्रत्येकावरून एक फोन लावून पाहावा. नुसत्या दांड्या दिसल्या म्हणून समाधान मानू नये. जिओचे २जी-३जी जाळेच नाही, त्यामुळे बोलणे फक्त व्होल्टीवर होते. परदेशी फोनात ती सोय इथल्या जाळ्याशी जुळली नाही तर इंटरनेट चालते आणि फोन लागत नाही. ५जी हवे असेल तर ‘एन ७८’ हा बँड फोनात आहे ना, हे विचारावे. जिओ आणि एअरटेल दोघांच्याही ५जीला तो लागतो. कुलूप काढून देतो म्हणून दोन-तीन हजार मागणारे बाजारात भेटतात. आमचा सल्ला, त्या फंदात पडू नये. खरे कुलूप ज्या कंपनीने घातले तीच काढते, तेही मूळ ग्राहकाने थकबाकी फेडून अर्ज केल्यावर.

हप्त्याचे कुलूप

आता मामूंच्या दुसऱ्या फोनाकडे येऊ. साडेसहा हजारांत घेतलेला तो फोन तीन आठवडे उत्तम चालला आणि एका सकाळी पडद्यावर, हप्ता थकला आहे, अशी सूचना येऊन बंद झाला. मामूंनी तर रोख पैसे मोजले होते. थकबाकी होती आधीच्या मालकाची. कर्जाने दिलेल्या अनेक फोनांत कर्ज देणारी कंपनी एक अॅप बसवते. हप्ता चुकला की त्यातून फोन दुरूनच बंद करता येतो, आणि फोन पुसून नवा केला तरी ते अॅप परत येऊन बसते. विकणाऱ्याने हे सांगितले नाही, दुकानदाराने पाहिले नाही, आणि बिल मागायचे मामूंना सुचले नाही. साडेसहा हजार गेले ते गेलेच, शिवाय दोन दिवस ग्राहकांचे निरोप कोणाला पोहोचले नाहीत. एका शाळेच्या गणवेशाची ऑर्डर त्या दोन दिवसांत शेजारच्या गल्लीतल्या कारखान्याकडे गेली.

सेकंडहँड फोन घेण्यात कमीपणा काहीच नाही. चांगला जुना फोन अगदी स्वस्त नव्या फोनपेक्षा पुष्कळदा सरस निघतो. पण पैसे हातात असेपर्यंतच आपला जोर असतो, म्हणून सगळी तपासणी पैसे देण्याआधी करावी. विकणाऱ्याला त्याच्या गुगल किंवा अॅपल खात्यातून आपल्यासमोर बाहेर पडायला सांगावे, फोन पूर्ण पुसायला लावावा आणि नव्याने सुरू करावा. सुरू होताना तो जुन्या मालकाचे खाते मागू लागला तर फोन परत ठेवून उठावे. हा फोन एखाद्या संस्थेच्या किंवा कंपनीच्या ताब्यात आहे अशा अर्थाचा मजकूर कुठे दिसला, तर ते हप्त्याचेच कुलूप समजावे.

याहून मोठा धोका चोरीच्या मालाचा. *#०६# दाबले की पंधरा आकडी आयएमइआय क्रमांक दिसतो, दोन सिमच्या फोनात असे दोन क्रमांक असतात. ते खोक्यावरच्या आणि बिलावरच्या क्रमांकाशी जुळले पाहिजेत. नंतर एसएमएसमध्ये केवायएम ही इंग्रजी अक्षरे, एक जागा सोडून तो क्रमांक लिहून १४४२२ वर पाठवावा. दूरसंचार खात्याच्या ‘संचार साथी’ संकेतस्थळावरही, जे मे २०२३ मध्ये सुरू झाले, हीच चौकशी होते. क्रमांक काळ्या यादीत, दुबार किंवा आधीच वापरात असल्याचे उत्तर आले तर सौदा मोडावा. आयएमइआय बदलणे हा २०२३ च्या दूरसंचार कायद्याने तुरुंगवासाचा गुन्हा आहे. दुरुस्तीची दुकाने चालवणाऱ्या आपल्या तरुणांनी चार पैशांसाठी असले काम हाती घेऊ नये. पोलीस येतात तेव्हा ते ग्राहकाला सोडून दुकान सील करतात.

नवा फोन हप्त्याने घ्यावा का, असे बरेच जण विचारतात. ‘नो कॉस्ट इएमआय’ या शब्दांनी व्याज नाही असा समज होतो, तो बरोबर नाही. बँक व्याज लावतेच. दुकान किंवा कंपनी तेवढी रक्कम किमतीतून आधी कमी करते, इतकेच. त्या व्याजावर १८ टक्के जीएसटी आणि बहुधा प्रोसेसिंग फीही ग्राहकाच्या माथी येते. शून्य टक्के व्याज अशी गोष्टच अस्तित्वात नाही, असे रिझर्व्ह बँकेने २०१३ साली बँकांना बजावले होते. व्याजाचा व्यवहार टाळणाऱ्यांनी नाव पाहून फसू नये, करारपत्रात व्याजाचा रकाना शोधावा. आपल्याकडे भिशी आहे, ओळखीच्या दुकानदाराची दोन-तीन महिन्यांची बिनव्याजी उधारी आहे. भिशीचा नंबर लागेपर्यंत जुन्या फोनची बॅटरी बदलून काम भागते, आणि तो खर्च फोनाच्या मानाने किरकोळ असतो.

किंमत ठरवताना नुसता खोक्यावरचा आकडा पाहू नये, फोन किती वर्षे चालेल ते पाहावे. नऊ हजारांचा फोन दोन वर्षांत टाकावा लागला तर महिन्याला ३७५ रुपये पडले. पंधरा हजारांचा पाच वर्षे चालला तर २५०. फोन टाकावा लागतो तो पुष्कळदा मोडल्यामुळे नव्हे, तर त्याला कंपनीकडून येणारी सुरक्षेची अपडेट थांबल्यामुळे. जुन्या प्रणालीवर आधी बँकांची अॅप्स कुरकुर करतात, मग बाकीचीही. जानेवारी २०२५ पासून व्हॉट्सअॅपने पाचव्या आवृत्तीपूर्वीच्या अँड्रॉइडवर चालणे सोडले. म्हणून दुकानात, “याला अपडेट किती वर्षे मिळणार?” हे विचारायचेच. सॅमसंगने २०२४ च्या अखेरीस आणलेल्या ए१६ ५जी या मध्यम किमतीच्या फोनला सहा वर्षांचा शब्द दिला. तेवढ्याच किमतीच्या इतर कित्येक फोनांना दोन-तीन वर्षांपलीकडे काही मिळत नाही. बाकी रोजच्या कामाला ६ जीबी रॅम, १२८ जीबी जागा आणि ५००० एमएएचची बॅटरी पुरे. तीन-तीन कॅमेऱ्यांचे कौतुक दुकानदाराला करू द्यावे. त्यातला एकच बहुधा कामाचा असतो.

आपल्या कामाच्या जागेचा विचार मात्र कोणताच दुकानदार करणार नाही, तो आपणच करायचा. यंत्रमागाच्या खडखडाटात घंटी ऐकू येते का, हे रस्त्याच्या कडेला उभे राहून वाजवून पाहावे. हातगाडीवाल्याने पडदा उन्हात धरून पाहावा. रंगारी, लोहार, चामड्याचे काम करणारे यांच्या बोटांचे ठसे झिजलेले असतात आणि अंगठ्याने उघडणारा फोन त्यांना ऐन वेळी दगा देतो, त्यांनी आकडी पिनच ठेवावा. सुताचे तंतू चार्जिंगच्या छिद्रात बसून वायर सैल होते. मालेगाव-भिवंडीकडच्या फोनदुरुस्तीवाल्यांना हे पाठ आहे. लाकडी टूथपिकने, फोन बंद करून, तो गोळा हलकेच काढता येतो. चार्जिंग बिघडले म्हणून नवा फोन घेण्याआधी एवढे करून पाहावे.

जीएसटी नोंदणी असलेल्या व्यापाऱ्याने बिल दुकानाच्या नावाने, आपला जीएसटी क्रमांक घालून घ्यावे. मोबाइलवर एप्रिल २०२० पासून १८ टक्के कर आहे. पंधरा हजारांच्या फोनात सुमारे २२८८ रुपये कराचे असतात, आणि फोन धंद्यासाठी असेल तर त्याची वजावट मिळू शकते. कंपोझिशन योजनेत असलेल्यांना ती मिळत नाही. बिल नको, दोनशे कमी घेतो, असे दुकानदार म्हणाला तर कोणाचा फायदा होतो ते यावरून कळेल.

नवा फोन हाती आल्यावर सूतवाल्याचे किंवा घाऊक व्यापाऱ्याचे पैसे द्यायच्या दिवशी तो सुरू करू नये. फोन बदलला की यूपीआयची नोंदणी पुन्हा करावी लागते आणि पहिल्या चोवीस तासांत साधारणतः पाच हजारांपर्यंतच पैसे पाठवता येतात. सुटीचा दिवस धरावा, जुना फोन आठवडाभर पुसू नये.

मामूंनी अखेर भिशीच्या पैशांतून नवा फोन घेतला, पक्क्या बिलाने. पहिल्याच संध्याकाळी त्यांनी त्यावर स्वतः एक कुलूप घातले, सिमच्या पिनचे. चोराने सिम काढून दुसऱ्या फोनात घातले तरी हा पिन टाकल्याखेरीज ते चालत नाही, म्हणजे बँकेचा ओटीपी त्याच्या हाती पडत नाही. सेटिंग्जमध्ये ‘सिम लॉक’ या नावाने ही सोय असते. सुरुवातीचा पिन आपल्या मोबाइल कंपनीला विचारून घ्यावा, अंदाजाने टाकू नये. तीनदा चुकला की सिम अडकते, आणि मग कंपनीकडून पीयूके क्रमांक आणावा लागतो.