वाफशाला उभा राहणारा ट्रॅक्टर

वरवंडच्या शिवारात डिसेंबरातली शेती कालव्याच्या आवर्तनावर आणि वाफशावर चालते. खडकवासल्याहून निघालेला नवा मुठा उजवा कालवा दौंड तालुका भिजवत पुढे इंदापूरकडे जातो, आणि गावाजवळच्या व्हिक्टोरिया तलावाला त्याच पाण्याचा आधार असतो. पाणी दिलेल्या रानात लगेच यंत्र घातलं तर चिखल तुडवला जातो. उशीर केला तर रान आवळतं आणि रोटरखाली ढेकळं निघतात. मधे वाफशाची थोडीशी सवड मिळते. कांद्याची रोपं काढून ठेवलेली असतात, लागणीच्या बायका सकाळी हजर होणार असतात, आणि त्याच पहाटे पारा आठ-दहा अंशांवर उतरलेला असतो. अशा वेळी जुना ट्रॅक्टर पहिल्या सेल्फला उठला नाही, तर तो दिवस हातचा जातो आणि कधी कधी वाफसाही जातो.

मी इथे छोट्या ट्रॅक्टरबद्दल लिहितो आहे. नांगरटीला मोठा ट्रॅक्टर भाड्याने मिळतो. पण उसाच्या दोन ओळींमधली भर, फळबागेतली पाळी, चार गुंठ्यांत कांद्याचे वाफे ही कामं मोठ्या धुडाला जमत नाहीत. २०१५-१६च्या कृषी गणनेत महाराष्ट्रातली सरासरी जमीनधारणा १.३४ हेक्टर निघाली. इतक्या रानाच्या छोट्या तुकड्यांत पन्नास हॉर्सपॉवरचं यंत्र वळवणं अवघड जातं. तिथे ‘मित्सुबिशी’ म्हणून ओळखला जाणारा छोटा ट्रॅक्टर उपयोगी पडतो. व्हीएसटी ही बेंगळुरूची कंपनी १९६७मध्ये जपानच्या मित्सुबिशीच्या सहकार्याने पॉवर टिलर बनवण्यासाठी उभी राहिली, आणि पुढे तिने ‘शक्ती एमटी १८० डी’ हा छोटा ट्रॅक्टर दिला. तीन सिलिंडर, सुमारे ९०० सीसी, साडेअठरा हॉर्सपॉवर, पुढे सहा आणि मागे दोन गिअर. नाशिक-सांगलीच्या द्राक्षबागांत तो मुरला आणि पुण्याच्या बागायतीतही ओळखीचा झाला. त्यातले जुने ट्रॅक्टर आता दुसऱ्या-तिसऱ्या मालकाकडे आहेत, आणि माझ्या मते ते भंगारात जाऊ न देणं ही शेतकऱ्याच्या फायद्याची गोष्ट आहे.

परदेशात जुना बागेचा ट्रॅक्टर थंडीसाठी तयार करतात म्हणजे त्याच्या चाकांना साखळ्या बांधतात आणि पुढे बर्फ लोटायचं पातं लावतात. अमेरिकेत इंटरनॅशनल हार्वेस्टर कंपनीने १९६१मध्ये ‘कब कॅडेट’ हा घराभोवतीच्या कामाचा छोटा ट्रॅक्टर काढला. आजही तिकडचे हौशी लोक असे जुने ट्रॅक्टर घेऊन बर्फात उतरतात. आपल्याकडे बर्फ नाही. पुण्याचा पारा १९३५च्या जानेवारीत १.७ अंशांपर्यंत उतरला होता, पण तशी थंडी विरळाच. इथे थंडीच्या दुरुस्तीचा सगळा रोख इंजिनातली ऊब राखण्यावर असतो.

डिझेल इंजिनाला ठिणगी लागत नाही. पिस्टन हवा इतकी दाबतो की ती पाचशे अंशांच्या वर तापते, आणि त्या हवेत फवारलेलं डिझेल आपोआप पेटतं. पहाटेच्या गार इंजिनात ही उष्णता लायनर आणि हेडचं लोखंड पिऊन टाकतं. रिंगा झिजल्या असतील तर दाबलेली हवा खाली निसटते. सेल्फ हळू फिरला तर हवेला गार व्हायला जास्त वेळ मिळतो. तिन्ही गोष्टी जुळून आल्या की सायलेन्सरमधून पांढरा धूर येतो आणि इंजिन काही उठत नाही. पांढरा धूर म्हणजे न जळलेलं डिझेल. निळा असेल तर ऑइल जळतं आहे आणि काळा असेल तर डिझेल हवेच्या मानाने जास्त जातं आहे. धुराचा रंग आधी नीट पाहिला, तर निम्मं निदान तिथेच होतं.

मित्सुबिशीच्या इंजिनात डिझेल थेट पिस्टनवर न फवारता शेजारच्या छोट्या कोठीत फवारलं जातं. त्या कोठीच्या भिंतीही गार असतात, म्हणून प्रत्येक सिलिंडरला एक हीटर प्लग दिलेला असतो. चावी हीटरवर धरून थोडं थांबायचं आणि मग सेल्फ मारायचा. जुन्या ट्रॅक्टरांत नेमका हाच भाग मेलेला असतो, कारण उन्हाळ्यात हीटरशिवायही काम भागतं आणि बिघाड कुणाच्या लक्षात येत नाही. तपासणी सोपी आहे. तिन्ही प्लगना जोडणारी पट्टी सोडवायची, टेस्ट लॅम्पची एक वायर बॅटरीच्या प्लसला आणि दुसरी एकेका प्लगच्या टोकाला लावायची. दिवा लागला तर आतली तार शाबूत आहे. तीनपैकी एक मेला असेल तर इंजिन दोनच सिलिंडरवर उठतं, थरथरतं, आणि थोड्या वेळाने सुरळीत होतं. ही लक्षणं ऐकून ‘हाफ इंजिन करावं लागेल’ असं कुणी म्हणालं, तर आधी प्लग तपासून मगच हेडला पाना लावावा. तेवढ्यावर काम भागलं तर मोठा खर्च वाचतो.

दुसरी खोड डिझेलच्या नळीत असते. संध्याकाळी व्यवस्थित बंद केलेला ट्रॅक्टर सकाळी मात्र पाच-सात वेळा सेल्फ मारल्यावरच उठतो. रात्रीतून कुठल्या तरी सैल जोडातून हवा आत जाते आणि डिझेल टाकीकडे उतरतं. नळीच्या टोकाचे तांब्याचे वॉशर वर्षानुवर्षं तेच फिरवून बसवलेले असतात आणि रबरी नळ्यांना थंडीत बारीक भेगा पडतात. वॉशर नवे घालावेत, नळी बदलावी आणि फिल्टरपासून पंपापर्यंत एअर काढावी. एवढ्या स्वस्त दुरुस्तीने पहाटेची कटकट जाते. फिल्टरच्या पेल्यात साचलेलं पाणीही याच वेळी काढावं. रात्री अर्ध्या टाकीतल्या हवेतलं बाष्प गारठून पाणी होतं, म्हणून थंडीत टाकी संध्याकाळीच भरून ठेवलेली बरी. ड्रममध्ये साठवलेलं डिझेल केव्हाचं आहे तेही पाहावं. भारतीय मानकात उन्हाळी डिझेलला १८ अंशांपर्यंत आणि हिवाळी डिझेलला ६ अंशांपर्यंत फिल्टरमधून वाहण्याची मर्यादा दिलेली आहे. दिवाळीआधी भरलेला ड्रम जानेवारीत उघडला, तर गारठ्यात त्यातलं मेण फिल्टरवर बसू शकतं.

बॅटरी आणि ऑइल यांचा विचार एकत्र करावा. गारठ्यात बॅटरीची ताकद उतरते, आणि नेमकं तेव्हाच घट्ट ऑइल सेल्फवर जास्त भार टाकतं. टर्मिनलवर साचलेली पांढरी-हिरवी बुरशी गरम पाणी आणि सोडा लावून धुवावी, आणि चेसिसला बांधलेली अर्थची केबल सोडून गंज घासावा. अर्थ सैल असल्यामुळे चांगली बॅटरी बदलली गेल्याची उदाहरणं गावोगाव सापडतील. जुन्या इंजिनाला उन्हाळ्यात ४० नंबरचं एकेरी ऑइल घालायची पद्धत आहे. तेच ऑइल थंड पहाटे जड होतं. त्याऐवजी १५ डब्ल्यू ४० घातलं तर गार असताना ते पातळ राहतं आणि तापल्यावर ४०च्या जाडीचं काम करतं. सेल्फ मारताना क्लच दाबून धरावा, म्हणजे गिअरबॉक्समधलं घट्ट ऑइल घुसळण्याचं ओझं इंजिनावर येत नाही. दहा-पंधरा सेकंदांहून जास्त सेल्फ चालवू नये. मधे बॅटरीला श्वास घेऊ द्यावा.

आता मला सगळ्यात महत्त्वाची वाटणारी गोष्ट. जुन्या ट्रॅक्टरच्या पाण्याच्या नळीचा कोपरा उघडला की बहुतेकदा आत थर्मोस्टॅट सापडत नाही. मे महिन्यात कधीतरी इंजिन तापलेलं असतं. खरं कारण वेगळंच असतं. रेडिएटरच्या जाळीत पाचट आणि भुसा अडकलेला असतो, बोअरच्या क्षाराने आतल्या नळ्या बुजलेल्या असतात, नाहीतर पंख्याचा पट्टा ढिला असतो. पण घाईत थर्मोस्टॅट काढून फेकला जातो. ट्रॅक्टर तापायचा थांबतो आणि मालक समाधानी होतो. थंडीत त्याची किंमत मोजावी लागते. सगळं पाणी सतत रेडिएटरमधून फिरतं, आणि काटा दुपारपर्यंत थंड खुणेवरच राहतो. गार लायनरवर न जळलेलं डिझेल ऑइल धुऊन खाली नेतं, ऑइल पातळ होतं, रिंगांच्या खाचांत काजळी बसते. छोट्या ट्रॅक्टरचं काम तुकड्यातुकड्याचं असतं. अर्धा तास चालवला, बंद केला, पुन्हा चालवला. त्यामुळे तो कधी धड तापतच नाही. रेडिएटरला गोणपाट बांधून उपयोग होतो, पण ऊन चढल्यावर ते काढायचं विसरलं की हेड तापतं. थर्मोस्टॅट मात्र स्वतःच उघडतो आणि मिटतो. बसवण्याआधी तो पातेल्यातल्या पाण्यात थर्मामीटरसोबत बुडवून गरम करून पाहावा. त्यावर छापलेल्या अंशाच्या आसपास, साधारण ऐंशीला, झडप उघडली तर तो चांगला. जुना क्षार काढून पाण्यात कूलंट मिसळलं की गंजही आवरतो.

इंजिन उठवायच्या जुन्या युक्त्यांबद्दलही सांगितलं पाहिजे. ट्रॅक्टर उतारावर लावून ठेवणं आणि रेडिएटरमध्ये कोमट पाणी ओतणं यांत फारसं बिघडत नाही, पण थंड हेडवर उकळतं पाणी ओतू नये. एअर क्लीनरच्या तोंडाशी पेटता बोळा धरण्याची सवय मात्र सोडावी. त्यात ऑइलचं भांडं असतं, जाळी असते, आणि ज्वाला आत ओढली जाते. हीटर चालू ठेवून ईथरचा फवारा मारणं त्याहून वाईट. तो फवारा वेळेआधीच पेटतो आणि पिस्टन-रिंगा फोडू शकतो.

इंजिन मार्गी लागलं की रानाकडे वळायचं. चाकाची रिम आणि डिस्क उलटी-सुलटी बसवून दोन चाकांमधलं अंतर कमी-जास्त करता येतं. उसात भर लावायची असेल तर टायर सरीतून गेला पाहिजे, वरंब्यावर चढता कामा नये. रोटरची खोली मागच्या पट्टीने आणि टॉप लिंकने जमवावी. वाफशावर पहिल्याच फेरीत खोल घातलं तर साडेअठरा हॉर्सपॉवर दमतात. सकाळी हायड्रोलिकचं ऑइल गार असतं आणि लिफ्ट सावकाश उचलते. त्यावर लिव्हर हिसकू नये, थोडा वेळ रिकामं उचलून-सोडून घ्यावं.

दिवस लहान असतो आणि सहानंतर अंधारतं. गाळपाच्या हंगामात पाटसच्या रस्त्याने आणि पुणे-सोलापूर महामार्गाने उसाच्या ट्रॉल्या, गुऱ्हाळांच्या गाड्या आणि दुचाक्या एकत्र धावत असतात. त्यांच्यात हा बुटका ट्रॅक्टर मागून येणाऱ्याला दिसतच नाही. पुढे एलईडीचा दिवा लावला तर जुन्या डायनॅमोवर भार कमी पडतो. मागे लाल दिवा हवा, आणि रोटरच्या दोन्ही टोकांना चमकणाऱ्या पट्ट्या हव्यात. हे सगळं लागलेलं मी स्वतः मागे उभं राहून पाहत नाही, तोवर थंडीची दुरुस्ती पुरी झाली असं मी धरत नाही.